पुठ्ठा, कागद आणि हंटिंग्टनचे उंदीर : एका पिंजऱ्याचं प्रकरण

उंदराला शेपटीला धरून अलगद वर उचललं, की तो मागचे दोन्ही पाय बाहेर फाकवतो. पडलोच तर टेकायला पाय मोकळे हवेत, अशी ती तयारी दिसते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक घातलेला उंदीर काही महिन्यांचा झाला की हे करायचं सोडून देतो. उचलल्याबरोबर मागचे पंजे एकमेकांत अडकवतो, पोटाशी घेतो आणि तसाच लोंबकळत राहतो. या चाचणीला यंत्र लागत नाही, रक्ताचा थेंबही लागत नाही. काही सेकंद बघायचं आणि वहीत खूण करायची: पंजे जुळले की नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या एका प्रयोगशाळेत अशा खुणा आठवड्यामागून आठवडे होत होत्या. उंदीर एकाच वाणाचे होते, जनुकही सगळ्यांमध्ये तेच घातलेलं. तरी काहींचे पंजे ठरल्या वेळी जुळले आणि काहींचे बराच काळ जुळलेच नाहीत. या दोन गटांत फरक एवढाच होता, की एका गटाच्या पिंजऱ्यात पुठ्ठ्याच्या, कागदाच्या आणि प्लास्टिकच्या वस्तू टाकलेल्या होत्या.

२००० साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हे काम जेमतेम दोन पानांत छापून आलं. अँटन व्हॅन डेलन, कॉलिन ब्लेकमोर, रॉबर्ट डीकन, डेनिस यॉर्क आणि अँथनी हॅनन अशी पाच नावं त्यावर आहेत. जनुक बदललेल्या प्राण्याचं वागणं आपण जेव्हा ‘जनुकाचा परिणाम’ म्हणून नोंदवतो, तेव्हा त्यात पिंजऱ्याचा वाटा किती असतो, हा प्रश्न या दोन पानांनी जितक्या नेमकेपणाने मांडला तितका क्वचितच कुणी मांडला असेल. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघू.

निवडलेलं जनुक

पिंजऱ्याची ताकद आजमावायला हंटिंग्टनइतका कठीण आजार दुसरा शोधूनही सापडला नसता. हा आजार म्हणजे जनुकीय नियतीचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकी डॉक्टरने त्याचं वर्णन लिहिलं, आणि १९९३ मध्ये त्याला कारणीभूत असलेलं जनुक चौथ्या गुणसूत्रावर सापडलं. या जनुकात सी-ए-जी ही डीएनएच्या लिपीतली तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती २६ किंवा त्याहून कमी वेळा येतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर नेहमीचं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होणार हे जवळजवळ ठरलेलंच. आईवडिलांपैकी एकाकडे असं जनुक असेल, तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान अनैच्छिक हालचाली सुरू होतात, तोल जातो, स्वभाव बदलतो, नैराश्य येतं, विचारशक्ती हळूहळू ढासळते. आजार पूर्ण थांबवणारा उपाय अजून नाही. आहार-व्यायाम सांभाळून टाळता येईल, असं कुणी या आजाराबद्दल म्हणतच नव्हतं.

उंदरांमध्ये हा आजार आणला तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या गिलियन बेट्स यांच्या गटाने. मानवी जनुकाचा फक्त पहिला तुकडा, त्यातल्या वाढलेल्या पुनरावृत्तींसकट, त्यांनी उंदरांच्या भ्रूणात घातला. १९९६ मध्ये त्यातून आर६ नावाचे वाण जाहीर झाले. या पुनरावृत्ती पिढ्यांगणिक का बदलतात हे तपासणं, हा मूळ हेतू होता. उंदीर खरोखर आजारी पडले, तेव्हा हाती अनपेक्षित असं काहीतरी लागलं. यातल्या आर६/२ वाणात सुमारे १५० पुनरावृत्ती आहेत. तो वाण दोन-तीन महिन्यांतच ढासळतो. आर६/१ मध्ये साधारण ११५ आहेत आणि तो सावकाश चालतो, लक्षणं दिसायला चार-पाच महिने घेतो. ऑक्सफर्डच्या गटाने हा दुसरा, सावकाश वाण निवडला. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. परिस्थितीला काही करून दाखवायचं असेल, तर आधी तिला तेवढा वेळ तरी मिळायला हवा.

पिंजरा

थोडं अवांतर. मराठीत घरातला लहान उंदीर आणि प्रयोगशाळेतला मोठा ‘रॅट’ यांना आपण एकच शब्द वापरतो. फार मोठा असला तर घूस म्हणतो, पण तो प्राणी वेगळाच. या लेखात जिथे उंदीर म्हटलं आहे तिथे लहान उंदीर, म्हणजे ‘माऊस’ समजावा. वजन फार तर पंचवीस-तीस ग्रॅम. जिथे रॅट आहे तिथे तसं लिहिलं आहे.

असा उंदीर प्रयोगशाळेत ज्यात राहतो, तो पिंजरा बुटांच्या मोठ्या खोक्याएवढा, पारदर्शक प्लास्टिकचा. तळाला लाकडाचा भुसा. वर तारेचं झाकण आणि त्याच्याच खोलगट भागात खाण्याच्या कडक गोळ्या. एक पाण्याची बाटली. झालं. खोलीचं तापमान बहुतेक वेळा वीस ते चोवीस अंश ठेवतात, कारण तिथे काम करणाऱ्या कपडे घातलेल्या माणसांना ते बरं वाटतं. उंदराच्या शरीराला ऊब टिकवायला वेगळी शक्ती खर्च करावी लागू नये, असं तापमान तीस अंशांच्या आसपास असतं. मोकळा उंदीर थंडी वाजली की घरटं करतो. भुशाखेरीज काही नसलेल्या पिंजऱ्यात त्याने ते कशाचं करावं? अशा पिंजऱ्यांतले बरेच उंदीर रात्रभर तारा कुरतडत बसतात किंवा एकाच कोपऱ्यात कोलांट्या मारत राहतात.

शोधनिबंधात या सगळ्याला दोनच शब्द मिळतात: प्रमाणित निवास. जणू शून्य अंशावर लावलेला तराजूच.

ऑक्सफर्डच्या प्रयोगात आर६/१ उंदरांचे आणि त्यांच्याच निरोगी भावंडांचे चार आठवड्यांच्या वयाला गट पाडले. काही प्रमाणित पिंजऱ्यात राहिले. काहींना भरलेला पिंजरा मिळाला, म्हणजे आत शिरायला, वर चढायला, कुरतडायला, ओढून न्यायला पुठ्ठा, कागद आणि प्लास्टिकच्या वस्तू. या वस्तू सतत बदलत राहायच्या, हे त्यातलं मर्म. तीच नळी महिनाभर पडून राहिली तर तिचं फर्निचर होतं, आणि फर्निचरची कुणी चौकशी करत नाही. औषध दिलं नाही, आहार बदलला नाही, जनुकाला हात लावला नाही.

पुढे दोन गोष्टी नियमाने तपासल्या. एक, वर सांगितलेली पंजे जुळण्याची खूण. दुसरी, अधांतरी बसवलेली आडवी काठी. उंदराला तिच्या टोकाला बाहेर तोंड करून ठेवायचं आणि तो वळून परत येतो का ते बघायचं. निरोगी उंदराला हा खेळ वाटतो. हंटिंग्टनच्या उंदराला वळणंच जमेनासं होतं.

रिकाम्या पिंजऱ्यातले जनुकबाधित उंदीर ठरलेल्या वाटेने गेले. काठीवर चुकू लागले, पंजे जुळू लागले. भरलेल्या पिंजऱ्यातल्या बाधित उंदरांत दोन्ही लक्षणं बरीच उशिरा दिसली, काहींमध्ये तर प्रयोग संपेपर्यंत दिसलीच नाहीत. शेवटी मेंदू तपासले, तेव्हा रिकाम्या पिंजऱ्यातल्या बाधितांच्या मेंदूचं, स्ट्रायटम या हालचालींशी निगडित खोल भागाच्या भोवतीचं आकारमान घटलेलं होतं. भरलेल्या पिंजऱ्यात ही घट कमी होती. म्हणजे भरल्या पिंजऱ्यातले उंदीर केवळ चपळ झाले आणि चाचणीत बरे ठरले, एवढ्यावर हे भागत नाही. मेंदूतही काहीतरी वाचलं होतं.

‘बरे झाले’ असं कुणीही लिहिलं नाही, आणि ते योग्यच. आजार टळला नाही, लांबला. सी-ए-जीची संख्या होती तेवढीच राहिली.

हे काम याच माणसाकडून का

या पाचांतला ज्येष्ठ म्हणजे ब्लेकमोर. १९७० मध्ये केंब्रिजमध्ये असताना त्याने आणि ग्रॅहॅम कूपरने मांजरीच्या पिल्लांना फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या पट्ट्या दिसतील अशा नळकांड्यांत वाढवलं होतं. उभ्या पट्ट्यांत वाढलेल्यांच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी आडव्या रेषेला प्रतिसादच देईनात. डोळे शाबूत, पण मेंदूने जे बघितलं नव्हतं ते ओळखायलाही तो शिकला नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे ब्लेकमोरच्या मागे पुढे वर्षानुवर्षं प्राणिहक्कवाद्यांचा तीव्र विरोध लागला, घराबाहेर निदर्शनं झाली, धमक्या आल्या. पिंजऱ्यातलं जग काढून घेतलं तर मेंदूचं काय होतं, हे ज्याने दाखवलं होतं, त्यानेच तीस वर्षांनी पिंजऱ्यात काही घातलं तर काय होतं तेही दाखवलं. दोन्ही प्रयोगांना मी एकाच वाक्याची दोन टोकं समजतो, आणि विरोधकांच्या रागाला तितकंसं खोटं ठरवत नाही.

त्याआधीची परंपराही मोठी आहे. १९४० च्या दशकात माँट्रिअलचे डोनाल्ड हेब काही रॅट घरी घेऊन गेले आणि मुलांबरोबर मोकळे वाढवले. प्रयोगशाळेतल्या भावंडांपेक्षा हे रॅट कोडी सोडवण्यात सरस ठरले. १९६० च्या दशकात बर्कलेमध्ये मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खेळणी आणि सोबत मिळालेल्या रॅटच्या मेंदूचं कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, जाड आणि जड होतं. पण हे सगळे निरोगी प्राणी. एका जनुकाने ठरवलेला, अत्यंत निष्ठुर आजारही पिंजऱ्यातल्या वस्तूंना दाद देतो, हे २००० मध्ये प्रथमच समोर आलं.

ओलं खाणं

मला या प्रकरणात सगळ्यात बोलका वाटतो तो ऑक्सफर्डचा पिंजरा नव्हे. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये जेनी मॉर्टन यांच्या गटाने आर६/२ या वेगवान वाणावर केलेलं काम जास्त बोलकं आहे. त्यात चाचण्यांच्या निमित्ताने होणारी हालचाल होती आणि आणखी एक साधी गोष्ट होती: पाण्यात कालवलेलं मऊ खाणं, पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलेलं. हे उंदीर जास्त दिवस जगले.

आता विचार करा. प्रमाणित पिंजऱ्यात खाणं वर झाकणात असतं. ते मिळवायला मागच्या पायांवर उभं राहायचं, मान वर करायची आणि कडक गोळी तारांमधून कुरतडायची. ज्याचे पाय थरथरतात, ज्याला तोल सांभाळता येत नाही, त्या उंदराला हे रोज करायचं आहे. तो वाळत गेला, तर वहीत ‘वजन घट, आजाराचं लक्षण’ असं लिहिलं जातं. त्यातला किती भाग जनुकाचा आणि किती भाग झाकण उंचावर असल्याचा? घरात अर्धांगवायूचा रुग्ण असला आणि जेवण माळ्यावर ठेवून ‘रुग्णाची भूक मेली’ असं आपण म्हणू लागलो, तर शेजारीपाजारी आपल्याला काय म्हणतील?

इथे भरलेल्या पिंजऱ्याला शास्त्रज्ञ लावतात तो ‘समृद्ध पर्यावरण’ हा शब्द मला खटकू लागतो. समृद्ध म्हणजे काहीतरी वरचं, चैनीचं. पण ओलं खाणं ही चैन नव्हे, ती शुश्रूषा. घरट्यासाठी कागद हीही चैन नव्हे. मग ऑक्सफर्डच्या आलेखाचं वाचन उलटंही करता येतं. भरलेल्या पिंजऱ्याने आजार लांबवला, की रिकाम्या पिंजऱ्याने तो अलीकडे ओढला? दोन रेषांमधलं अंतर तेच राहतं. शून्य कुठे धरायचं एवढंच बदलतं. रानातल्या वळचणीला किंवा गोदामातल्या पोत्यांमागे राहणाऱ्या उंदराच्या आयुष्याशी तुलना केली, तर भरलेला पिंजराही दरिद्रीच. रिकामा पिंजरा म्हणजे शून्य नव्हे, तो उणे आहे. निदान मी तरी हा आलेख असाच वाचतो.

बेट्स यांच्या गटाने २००२ मध्ये, ऑक्सफर्डच्याच काहींना सोबत घेऊन, आर६/२ वर याची परीक्षा घेतली. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याच्या चाचणीत भरपूर भरलेला पिंजरा तर उपयोगी पडलाच, पण अगदी थोडक्या सोयींनीही घसरण मंदावली. वेगवान वाण, वेगळी प्रयोगशाळा, तोच कल.

नेमकं काय उपयोगी पडतं

पहिली शंका अर्थातच व्यायामाची. भरलेल्या पिंजऱ्यात उंदीर जास्त हिंडतो, चढतो, उतरतो. स्नायू बळकट झाले आणि बाकी सगळं त्याचंच सोंग, असं तर नाही? मेलबर्नच्या फ्लोरी संस्थेत गेल्यावर हॅनन यांच्या गटाने आर६/१ उंदरांना फक्त पळायचं चाक दिलं. पंजे जुळायला उशीर झाला, एका स्मरणचाचणीतही सुधारणा दिसली. पण फिरत्या दांड्यावरची घसरण चाकाने थांबली नाही. म्हणजे व्यायामाचा वाटा आहे, पण पुठ्ठ्याचं काम चाक एकटं करू शकत नाही.

त्याआधी, २००४ मध्ये, याच धाग्यावर एक रासायनिक दुवा मिळाला होता. बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं, त्यांच्या जोडण्या टिकवणारं प्रथिन. स्ट्रायटमला ते मुख्यतः कॉर्टेक्सकडून येतं, आणि हंटिंग्टनमध्ये स्ट्रायटमच सगळ्यात आधी उद्ध्वस्त होतो. आर६/१ उंदरांच्या स्ट्रायटममध्ये आणि हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात या प्रथिनाची पातळी घटलेली असते. भरलेल्या पिंजऱ्यात ती सावरली. चाकाने मात्र ती सावरली नाही. मला यातून एक चित्र दिसतं: रोज नवं काहीतरी हुंगायचं, ओळखायचं, त्याभोवती वाट काढायची, या उठाठेवीत कॉर्टेक्स कामाला लागतं आणि खाली रसद पाठवत राहतं. हे चित्र पूर्ण आहे असा दावा मी करणार नाही, पण पुठ्ठ्यापासून पेशीपर्यंतची वाट त्यातून निदान दिसते.

अल्झायमरच्या उंदरांत गोष्ट अशी सरळ राहिली नाही. २००३ आणि २००५ मध्ये जोआना जँकोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी अहवाल दिला, की भरलेल्या पिंजऱ्यात मेंदूत साचणारे अमायलॉइड या प्रथिनाचे थर वाढले, तरी उंदरांची शिकण्याची क्षमता मात्र सुधारली. २००५ मध्येच ओर्ली लाझारोव्ह आणि सहकाऱ्यांनी अशाच जनुकीय बदलाच्या उंदरांत अमायलॉइड घटल्याचं दाखवलं. गटात किती उंदीर, नर की मादी, चाक सतत होतं की ठरावीक तास, अशा तपशिलांनी निकाल फिरतो. थोडक्यात, ‘भरलेला पिंजरा’ हे एकच औषध नाही. प्रत्येक प्रयोगशाळा त्याची स्वतःची पुडी बांधते.

‘मग प्रमाण कुठे राहिलं?’

प्रयोगशाळांचा जुना आक्षेप इथेच उभा राहतो. वस्तू टाकल्या की उंदरा-उंदरांत फरक वाढेल, आकडे विखुरतील, दुसऱ्या प्रयोगशाळेला निकाल जुळवता येणार नाही. म्हणून पिंजरा रिकामा बरा. ऐकायला रास्त वाटतं. पण रिकाम्या पिंजऱ्यानेही ते वचन पाळलेलं नव्हतं. १९९९ मध्ये जॉन क्रॅब, डग्लस वाल्स्टन आणि ब्रूस ड्यूडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि आल्बनी या तीन ठिकाणी एकच प्रयोग शक्य तेवढा हुबेहूब केला. आठ प्रकारचे उंदीर, त्यांतल्या एका प्रकारात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश टिपणाऱ्या एका ग्राहीचं (रिसेप्टरचं) जनुक काढून टाकलेलं. उपकरणं तीच, खाणं तेच, उंदरांची वयं तीच, चाचण्या त्याच दिवशी, त्याच स्थानिक वेळेला. तरीही काही चाचण्यांत तिन्ही ठिकाणचे निकाल जुळले नाहीत. जनुक काढल्याचा परिणाम एका शहरात एक, दुसऱ्यात दुसराच. पिंजरा शिस्तीत रिकामा ठेवूनही प्रयोगशाळा नावाची न सांगितलेली वस्तू त्यात पडलेलीच होती.

उलट २००४ मध्ये डेव्हिड वोल्फर, हान्नो व्युर्बेल आणि सहकाऱ्यांनी तीन प्रयोगशाळांत शेकडो माद्या तपासल्या. पिंजरे भरल्याने आकडे जास्त विखुरले नाहीत आणि निकालांची जुळणीही बिघडली नाही. व्युर्बेल यांनी त्याआधीच म्हटलं होतं, की परिस्थिती जितकी अरुंद कराल तितका निकाल त्या अरुंद परिस्थितीपुरताच खरा ठरेल. हे मला पटतं. खिडकी नसलेल्या एकाच खोलीत वाढलेल्या माणसांवरून ‘मनुष्यस्वभाव’ लिहिला, तर तो त्या खोलीचाच स्वभाव असेल.

माणसांपर्यंत

व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी जगातली हंटिंग्टनची सर्वांत मोठी कुटुंबं राहतात. नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं तिथे काम केलं. जनुक सापडलं त्यात त्या कुटुंबांच्या रक्ताचा मोठा वाटा. २००४ मध्ये १८,१४९ जणांच्या वंशावळीवरून त्यांनी हिशोब मांडला. आजार कोणत्या वयाला सुरू होईल हे मुख्यतः सी-ए-जीच्या संख्येवरून ठरतं, पण ती संख्या बाजूला काढल्यावर जो फरक उरतो त्याचा साधारण ४० टक्के भाग इतर जनुकांचा आणि ६० टक्के पर्यावरणाचा. ऑस्ट्रेलियात पुढे रुग्णांच्या आधीच्या जीवनशैलीची मागे वळून चौकशी केली, तेव्हा निष्क्रिय राहणाऱ्यांत आजार लवकर सुरू झाल्याचा कल दिसला.

यावरून ‘कोडी सोडवा आणि हंटिंग्टन लांबवा’ असं कुणी सांगू लागलं, तर मी त्याला आवरीन. आजार आत शिरू लागलेला माणूस आधीच मंदावलेला असू शकतो. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? शिवाय ज्या घरात हा आजार आहे, तिथल्या माणसाला ‘तू पुरेसा सक्रिय नव्हतास’ असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. उंदराला रिकामा पिंजरा आपण दिला होता. माणसाचं घर तसं नसतं.

औषधांच्या चाचण्यांना मात्र या प्रकरणाने थेट हात घातला. रिकाम्या पिंजऱ्यातल्या आर६/२ उंदराला एखादं रसायन दिलं आणि तो फिरत्या दांड्यावर थोडा जास्त टिकला, तर ती बातमी होते. पण तेवढाच फायदा थोड्याशा सोयींनीही होत असेल, तर त्या रसायनाने नेमकं काय केलं? कदाचित वाईट सांभाळलेल्या उंदराची झीज तेवढी भरून काढली, हंटिंग्टनला धक्काही लावला नाही. बेट्स यांच्या गटाने पुढच्या चाचण्यांत यावर साधा मार्ग काढला. औषध मिळणाऱ्या उंदराच्या पिंजऱ्यातही खेळायची नळी आणि तब्येत ढासळू लागली की तळाला पाण्यात कालवलेलं खाणं. न मिळणाऱ्याच्या पिंजऱ्यातही तेच.